सोनेरी चाकं आणि धोंड्याचा पाट

हसा! हसा तुम्ही! नाही नाही, तोंडावर रुमाल कशाला धरताय, उघड हसा… मला कळत नाही का, माझ्या गाडीची सोनेरी चाकं बघितल्यापासून तुमचं असं चाललंय ते! सगळेच हसतात हो. सोसायटीचा वॉचमन हसतो, पेट्रोल पंपावरचा हसतो, परवा सिग्नलला एक बाई रिक्षातून वाकून बघून हसली आणि वर रिक्षावाल्याला म्हणते, "भैया, जरा साइडला घ्या, नवरदेव असेल आत!" नवरदेव! अहो, माझा मुलगा दहावीला आहे! पण तुम्हाला सांगतो, ही चाकं मी हौसेनं नाही लावली. ही चाकं मी सूड म्हणून लावली. सूड! माणसं सुडासाठी कोर्टात जातात, मी मानपाड्याला गॅरेजमध्ये गेलो, एवढाच फरक. कारण मी, मधू… मी लाइट बिल विसरतो, बायकोचा वाढदिवस विसरलेलो आहे, एकदा नाही, दोनदा विसरलेलो आहे, पण अपमान? अपमान मी विसरत नसतो!

आणि अपमान कुणी केला? साडूनं! बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यानं! नाव नील. राहायला ठाण्याला, पोडियम पार्किंगवाल्या टॉवरमध्ये, गाडी एवढी मोठी की ती पार्क करताना शेजारचे लोक आपापल्या गाड्यांना नमस्कार करून येतात. आणि कपाळावर कायम तो गॉगल! डोळ्यावर नाही, कपाळावर! ऊन काय त्याच्या कपाळाला लागतं?

तर झालेलं काय, याच्या आधीच्या अधिक महिन्यात, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, सासूबाईंनी दोघा जावयांना धोंड्याचं जेवायला बोलावलेलं, खडवलीला. आता तुम्हाला काय सांगायचं, अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू! पाट मांडतात, रांगोळी काढतात, ओवाळतात, तेहतीस अनारसे देतात, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खायला घालतात. आणि त्यात मी थोरला जावई! म्हणजे मोठा विष्णू! जेवण झाल्यावर टिटवाळ्याच्या गणपतीला जायचं ही त्यांच्या घरची रीत, आणि तेव्हा सासूबाई, मंदाकिनीबाई, या थोरल्या जावयाच्या गाडीत पुढच्या सीटवर बसतात. पुढची सीट! त्या सीटला मान आहे! तर बसल्या. मागे माझी बायको अंतरा, शेजारी कमळाबाई आणि रंगूबाई, या सासूबाईंच्या दोघी जावा, दोघीही धोंडे खाऊन तृप्त… आणि गाडी निघाली.

आता सासूबाईंच्या घराच्या वळणावर एक गतिरोधक होता. गतिरोधक कसला, रस्त्यावर म्हैस झोपलेली असताना वरून डांबर ओतलेलं! पुढची चाकं गेली, आणि मग घर्रर्र करून गाडीचं पोटच टेकलं त्याच्यावर. ना पुढे, ना मागे. चाकं फिरतायत, चिखल उडतोय, रंगूबाई "नारायण नारायण" म्हणतायत… आणि मागून कोण? तोच! गाडीतून उतरला, गॉगल कपाळावर, आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "उतरा रे सगळ्यांनी! दादाची गाडी पोटावर आली!"

पोटावर आली! माणसं हसली हो! खिडक्यांतून हसली, ओट्यावरून हसली! एक म्हातारे गृहस्थ तर खास खुर्ची घेऊन आले. आणि याने काय केलं, सासूबाईंना हात धरून अलगद उतरवलं आणि स्वतःच्या गाडीत पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. माझ्या मानाची सीट, याच्या गाडीत! आणि विष्णू? विष्णू चिखलात उभा राहून गाडी ढकलतोय! त्या दिवशी टिटवाळ्याला गणपतीसमोर हात जोडून मी काही मागितलं नाही. फक्त एवढंच म्हणालो, देवा, पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी आहे ना, असू दे, मी थांबतो. मी विसरत नसतो!

मग तीन वर्षं सरत आली, तसा गेलो दौलतकडे. दौलत म्हणजे आमच्या मानपाड्याचा गॅरेजवाला. या माणसानं आयुष्यात कधी "नाही होणार" असं म्हटलेलं नाही, आणि तेच खरं तर मला आधी कळायला पाहिजे होतं. गाडीखाली शिरला, टकटक केलं, बाहेर आला. "साहेब, स्प्रिंगा बसल्यात तुमच्या."

"बसल्यात म्हणजे?"

"थकल्या. चार माणसं बसली की त्या पण खाली बसतात. नवीन टाका, कंपनीच्या. चाकं पण मोठी टाका. गाडी उठेल."

कंपनीच्या स्प्रिंगांची किंमत ऐकली आणि मीच बसलो! अहो, आमच्या घरात गाडीचं बजेट म्हणजे काय, फ्लॅटचा हप्ता, क्लासची फी, किराणा, सगळं झाल्यावर डब्याच्या तळाशी जे खडखडतं, ते! अंतरा म्हणाली, "अरे मधू, गाडी चालतेय ना? खडवलीला आपण वर्षातनं दोनदा जातो. त्या वळणावर मी उतरून चालत जाईन, पण हे खूळ सोड." उतरून चालत जाईन! म्हणजे परत उतरायचंच! मी म्हटलं, आता या घरातलं कुणीही त्या गतिरोधकावर उतरणार नाही, मला हवं तर उपाशी ठेव.

दौलत म्हणाला, "बजेट नाही ना? नो टेन्शन. जुगाड करू. डिझेलच्या मोठ्या गाडीच्या स्प्रिंगा आहेत माझ्याकडे, भंगारात आलेल्या, मजबूत! वरून मध्ये रबर टाकतो. साहेब, हत्ती होईल गाडीचा, हत्ती!"

आता माणसाला सुडाचं वेड लागलं की त्याला हत्ती या शब्दाचा मोह पडतो. पडला! मी विचारलं नाही, की बाबा, मोठ्या गाडीची स्प्रिंग आमच्या एवढ्याशा गाडीला चालेल का. मी विचारलं, "नीलच्या गाडीएवढी उंच होईल?" दौलतला नील कोण ते माहीत नव्हतं, तरी म्हणाला, "त्याच्याहून वर!" असा माणूस! मला मिठी मारावीशी वाटली.

राहिली चाकं. ती मिळाली कल्याणला, मोबाइलवर जाहिरात बघून गेलो, गोविंदा नावाच्या माणसाकडे. चाळीच्या गॅलरीत चाकांचे ढीग, त्यात एक सेट काळा, काय सांगू, असा रुबाबदार… मी म्हटलं, हाच. तो म्हणतो, "ह्याला पाच भोकं आहेत, तुमच्या गाडीला चार लागतात."

"मग चार भोकांचं काय आहे?"

त्यानं चादर ओढली. सोनेरी! झगझगीत! देवळाचा कळस नुकताच उतरवून ठेवलाय असं सोनेरी!

"दुसरा रंग नाही?"

"काका, ह्या पैशात भोकं बघायची, रंग नाय बघायचा."

काका! चाळीशी नुकतीच उलटलीय माझी! पण घेतली. घेतली, कारण माझ्या डोळ्यासमोर रंग नव्हताच, माझ्या डोळ्यासमोर तो गॉगल होता. अपमान मी विसरत नसतो!

तर दौलतनं सगळं बसवलं. टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायला लागले, तर त्यानं प्लॅस्टिकच कापून टाकलं, म्हणाला, "ते असंच असतं, कंपनी देते म्हणून असतं." आणि मग त्यानं आपली दोन माणसं डिकीत चढवली आणि म्हणाला, "नाचा!" नाचली हो ती! गाडी बोटभर हलली नाही! बोटभर! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मनात म्हटलं, नील… ये आता.

पण तुम्हाला सांगतो, न हलणारी गाडी लांबून बघायला चांगली असते, आत बसायला नाही. कारण खड्डा तर पडतोच ना रस्त्यात? मग गाडी नाही हलली तर कोण हलणार? आपण! पूर्वी खड्डा गाडीला लागायचा, आता डायरेक्ट मला. मानपाडा रोडवर नाणं पडलेलं असलं आणि त्याच्यावरून चाक गेलं, तर छापा होता की काटा होता हे मला मणक्यात समजतं! पेव्हर ब्लॉकच्या गल्लीतून गेलं की माझं बोलणं असं होतं… अ-अ-अंत-तरा, च-च-चहा घ्यायचा क-का… आठवडाभरात अंतरानं गाडीत उशी आणली, मग दुसरी उशी आणली, मग ती म्हणाली, "मधू, मला स्टेशनला सोड, पण गाडीनं नको." आणि एकदा तर ओरडलीच, "सूड तू नीलवर उगवतोयस की माझ्या कंबरेवर?"

मी ऐकलं नाही. मी तयारी करत होतो! कसली? अहो, प्रवेशाची! म्हणजे असं, की गतिरोधकावरून मी आरामात जाणार. पलीकडे उतरणार. मग थांबणार, रिव्हर्स घेणार, परत त्याच्यावरून मागे येणार. परत पुढे जाणार! नील बघत उभा! आणि मग काच खाली करून, अगदी गोड आवाजात, मी म्हणणार, "काय नील, उतरायचं का रे सगळ्यांनी?" हे वाक्य मी बाथरूममध्ये म्हणून बघायचो. कधी "काय नील" वर जोर, कधी "सगळ्यांनी" वर जोर. अंतरा बाहेरून दार वाजवायची, "कुणाला उतरवतोयस आत? पाणी जाईल, लवकर आटप!"

आणि आला! आला बाबा एकदाचा अधिक महिना! सासूबाईंचा फोन आला, "जावईबापू, रविवारी या दोघं." मी शनिवारी ती चाकं चिंच लावून घासली. चिंच! देवघरातली समई वाट बघत राहिली. रविवारी सकाळी निघालो, कल्याण गेलं, टिटवाळा गेलं, कंबर गेली, पण चेहऱ्यावर हसू! खडवलीत शिरलो. आरशात बघतो तर मागे कोण? तोच! योग असा, की बरोब्बर मागे! मी गाडी हळू केली. वळण आलं. मी काच आधीच खाली करून ठेवलेली, घसा खाकरला, आलं, आलं, आता चढणार…

चढलीच नाही.

चढणार कशावर? गतिरोधकच नाही! सपाट! रस्ता असा सरळ, नुकता इस्त्री केलेला! मी थांबलो, उतरलो, इकडे बघतोय, तिकडे बघतोय, वाकून डांबराला हात लावून बघतोय. म्हटलं, म्हैस गेली कुठे? मागून दाराचा आवाज झाला. आला गॉगल.

"दादा, शोधतोयस काय? अरे, तो काढून घेतला मी, गेल्याच आठवड्यात! सरपंचांना भेटून सांगितलं, म्हटलं आमच्या दादाची गाडी अडकते हो इथं, दर वेळी त्याला त्रास… तुझ्यासाठी केलं रे!"

माझ्यासाठी! अहो, ओट्यावरची माणसं म्हणतायत, "काय मनाचा मोठा आहे धाकटा जावई!" कमळाबाईंनी तर कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढली! आणि मी उभा, सोनेरी चाकांच्या शेजारी, तोंड उघडं, आणि आत ते वाक्य, "काय नील, उतरायचं का रे…" ते आतच कुजलं. अहो, तीन वर्षं मी तो गतिरोधक मनात जपला होता! लोक फोटो जपतात, मी गतिरोधक जपला! आणि या माणसानं अपमान तर केलाच केला, वर अपमानाची जागासुद्धा सपाट करून टाकली! असल्या माणसाला काय शिक्षा करायची, तुम्ही सांगा. मी त्या दिवशी रस्त्यातच ठरवलं, हा चांगुलपणासुद्धा मी विसरत नसतो!

जेवण झालं. पाटावर बसवलं, ओवाळलं, धोंडे वाढले. गोड लागेना. आणि मग ती वेळ आली. टिटवाळ्याला निघायचं. सासूबाई अंगणात आल्या. एका बाजूला नीलची गाडी, बटण दाबलं की जीभ काढल्यासारखी पायरी बाहेर येते तिची. एका बाजूला माझी. आणि सासूबाईंची नजर गेली चाकांवर.

"अगोबाई! सोन्याची चाकं!"

मी लगेच पुढचं दार उघडलं.

"रथच की हो हा! जावईबापू, अधिक महिन्यात विष्णूच्या रथात बसायला मिळतंय, मी काही दुसरीकडे बसायची नाही."

नीलचा चेहरा! अहो, काय चेहरा! गॉगल कपाळावरून घसरून नाकावर आला! मी म्हटलं, देवा, पावलास, गतिरोधक गेला खड्ड्यात, सीट परत आली! फक्त एकच अडचण. माझ्या हत्तीवर चढायचं कसं? सासूबाईंची उंची बेताची, गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलेला, आणि जावयानं उचललेलं त्यांना चालायचं नाही. त्या पाय उचलतायत, पाय येतोय अर्ध्यावर. नील आपली पायरी आतबाहेर, आतबाहेर करून दाखवतोय, मुद्दाम! तेव्हा मला सुचलं. धावत आत गेलो, ज्या पाटावर मला ओवाळलेलं तोच पितळी फुलांचा पाट उचलून आणला, गाडीशी ठेवला. सासूबाई पाटावर, पाटावरून सीटवर! दार लावलं, गाडी सुरू केली, हॉर्न वाजवला, दोनदा, आणि नीलच्या नाकावर टिच्चून निघालो. सूड सूड सूड म्हणतात तो हाच हो!

रस्त्यात सासूबाई काही फार बोलल्या नाहीत. पहिल्या खड्ड्याला "आई गं" म्हणाल्या. दुसऱ्याला म्हणाल्या, "जावईबापू, घोडे उधळलेत का?" तिसऱ्याला त्यांनी कवळी काढली आणि रुमालात बांधून ठेवली. मी म्हटलं असू दे, सीट महत्त्वाची.

टिटवाळा आलं. देवळाच्या रस्त्याला गर्दी, मागे रिक्षा, त्यांच्या मागे नील. मी ऐटीत उतरलो, वळसा घालून आलो, दार उघडलं. सासूबाईंनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. कवळी रुमालात, त्यामुळे शब्द जरा हवेतून आले…

"जावईबापू… उतरायचं कसं?"

पाट! अहो, पाट! पाट खडवलीला! अंगणात! तसाच पडलेला! मी, जो काही विसरत नसतो… मी पाट विसरलो!

रिक्षा हॉर्न मारायला लागल्या. मी हारवाल्याकडे धावलो, "स्टूल दे रे जरा." तो म्हणाला, "हार घ्या आधी." घेतले हार, गळ्यात घातले, स्टूल आणलं, तर त्याचा एक पाय दोरीनं बांधलेला! सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यावर नाही हो, मी इथूनच हात जोडते देवाला." इथून! गाडीतून! म्हणजे जन्मभर ऐकायचं, की थोरल्या जावयानं देवळाशी नेलं आणि देव दाखवला नाही! मग मला दुसरं काही सुचेना. खाली बसलो. गुडघे टेकले, हात टेकले, गळ्यात हार, आणि म्हटलं, "आई, ठेवा पाय पाठीवर."

"अहो, जावयाच्या पाठीवर पाय? अधिक महिन्यात? पाप लागेल मला!"

आणि तेवढ्यात मागून तो आला. गॉगल परत कपाळावर. सासूबाईंचा हात धरला आणि म्हणाला, "पाप कसलं, आई? जावई विष्णू ना? मग हा कूर्मावतार! पाय ठेवला की पुण्यच आहे."

पटलं हो त्यांना! लगेच पटलं! चपला काढल्या, आधी वाकून माझ्या पाठीला हात लावून मनोभावे नमस्कार केला, आणि मग उतरल्या माझ्यावरून, सावकाश, दोन्ही पाय ठेवून. मागून एका रिक्षावाल्याचा आवाज आला, "नवीन स्कीम आहे काय देवस्थानची?" माझी मेहुणी समीक्षा, तिनं फोटो काढला. फॅमिली ग्रुपवर आहे. वर नील हात धरून उभा, मध्ये सासूबाई, खाली सोनेरी चाकाच्या शेजारी मी. गाडी पोटावर आली नाही हो… मी आलो.

परतताना सासूबाई त्याच्या गाडीतून गेल्या. पुढच्या सीटवर.

परवा दौलतकडे गेलो, भांडायला. त्यानं गाडीखाली टकटक केलं, बाहेर आला, म्हणाला, "साहेब, स्प्रिंगा बसल्यात." पुन्हा! म्हटलं, एवढ्यात कशा? तर म्हणतो, "भंगारातल्या होत्या, किती उभ्या राहणार?" म्हणजे गाडी जिथे होती तिथे आली, बरं का. आणि काल खडवलीहून रंगूबाईंचा फोन, गावातली मुलं फार जोरात बाइक मारतात म्हणून वळणावर परत गतिरोधक घातलाय. पहिल्यापेक्षा उंच!

तर पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी. मी जाणार. त्याच गाडीतून जाणार, बजेट तेच आहे. आणि या वेळी मी काही म्हणजे काही विसरलेलो नाही… पाट आणून आत्ताच डिकीत ठेवलाय. गाडी पोटावर आली, की बाकीचे ढकलेपर्यंत विष्णूला रस्त्यात बसायला काहीतरी हवं ना!